नोकरी बदलायच्या आधीचे दोन शनिवार-रविवार: सोशल मीडियाची आवराआवर

एचआरने सीव्हीवरचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह केला की सगळ्यात आधी उघडतो तो तुमचा व्हॉट्सॲपचा डीपी. लिंक्डइनची पाळी त्यानंतर येते. तिथल्या हेडलाइनवर आठवडाभर डोकं लढवलं आणि इकडे डीपीला अंजुनाच्या किनाऱ्यावर बाटली उंचावलेला फोटो, तर पहिली ओळख कुठली होणार हे सांगायला नको.

समोरचा माणूस काही गुप्तहेर नसतो. ढीगभर सीव्ही त्याच्या हाताखालून जातात आणि तुमच्या नावावर तो फार तर काही मिनिटं घालवतो. तेवढ्यात त्याला तीन गोष्टी बघायच्या असतात. माणूस तोच आहे ना? सीव्हीतली पदं आणि तारखा बाकी ठिकाणी जुळतात ना? आणि घेतल्यावर डोक्याला ताप होईल असं काही दिसतंय का? बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नाच्या मागे लागून जुने फोटो पुसत बसतात. ऑफर निघाल्यावरही गाडी अडते ती दुसऱ्यावर. म्हणून खालच्या कामात दुसऱ्या शनिवारसाठी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा.

हे सगळं अर्ज पाठवायला सुरुवात करण्याआधी उरकायचं, कारण तुम्ही काढलेली पानं गूगलच्या निकालातून जायला वेळ लागतो. ॲपमधल्या मेनूंच्या जागा सारख्या हलत असतात. इथे दिलेला पर्याय जागेवर सापडला नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत त्याचं नाव टाका.

पहिला शनिवार: नुसतं बघायचं

आज काहीही पुसू नका. एक स्प्रेडशीट किंवा वहीचं पान घ्या आणि चार रकाने आखा: कुठे सापडलं, काय आहे, कोणाला दिसतं, काय करायचं. चौथ्या रकान्यात तीनच शब्द लिहायचे, ठेवा, लपवा किंवा काढा.

ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा. नेहमीच्या खिडकीत तुम्ही फेसबुक-लिंक्डइनला लॉगिन असता, त्यामुळे बाहेरच्याला काय दिसतं ते कळत नाही. मग स्वतःचं नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा. मराठी माणसाचं नाव इंटरनेटवर निदान चार प्रकारे पडलेलं असतं: नाव-आडनाव, मध्ये वडिलांचं नाव घालून, दहावीच्या मार्कशीटवर असतं तसं आडनाव आधी, आणि देवनागरीत. त्यात चौधरी, दीक्षित, वैद्य अशा आडनावांच्या रोमन स्पेलिंगला दोन-तीन फाटे. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर माहेरचं नावही शोधा. प्रत्येक प्रकार आधी एकटा, मग शहर जोडून, मग कॉलेज आणि शेवटी सध्याची कंपनी जोडून. फोटोंचा आणि व्हिडिओंचा टॅबही बघा. पहिली दोन-तीन पानं पुरेत.

त्यानंतर तुमचा मोबाइल नंबर आणि ईमेल पत्ता शोधा. हे सहसा कोणी करत नाही, आणि नेमका इथेच कचरा निघतो: जुनी बाइक विकायची जाहिरात, सोसायटीच्या सभासदांची पीडीएफ, कॉलेजच्या टेकफेस्टचं पत्रक ज्यात तुम्ही संयोजक म्हणून नंबर दिला होता.

पाटील, जाधव, शिंदे अशा आडनावाला प्रचलित नाव जोडलं की अडचण उलटी असते. निकालात दुसरीच माणसं येतात, आणि त्यातल्या एखाद्याच्या भानगडी तुमच्या खात्यावर जमा होऊ शकतात. यावर उपाय म्हणजे मधलं नाव किंवा त्याचं आद्याक्षर सगळीकडे एकाच पद्धतीने लावणं, आणि लिंक्डइन, नौकरी डॉट कॉम व जीमेल या तिन्हींवर एकच फोटो ठेवणं. शोधणाऱ्याला दोन ठिकाणी तोच चेहरा दिसला की तो पुढे खणत नाही.

लोक विसरतात अशा जागा:

गूगल मॅप्स. तुम्ही दिलेले रिव्ह्यू सहसा तुमच्या नावासकट सार्वजनिक असतात. आधीच्या कंपनीच्या ऑफिसला रागाच्या भरात दिलेला एक तारा तिथे अजून चमकत असतो. मॅप्समध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून तुमचं योगदान उघडा.

यूट्यूबवरच्या कमेंट. शक्यतो त्याच जीमेल खात्याच्या, ज्यावरून सीव्ही पाठवणार आहात.

ट्रूकॉलर. तुमचा नंबर ज्याच्याकडे सेव्ह नाही अशा मित्राला बघायला सांगा. कोणीतरी कधीकाळी 'बंटी मोबाइल शॉपी' म्हणून सेव्ह केलेलं नाव एचआरच्या स्क्रीनवर झळकू शकतं. तिथे स्वतःची प्रोफाइल करून खरं नाव टाका.

कंपन्यांबद्दल निनावी मत देण्याच्या साइट. निनावी असली तरी पद, शहर, विभाग आणि सोडल्याचं वर्ष एकत्र आलं की पंधरा जणांच्या टीममध्ये माणूस ओळखायला कितीसा वेळ लागतो?

ऑर्कुटची चिंता नको, ते 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. कॉलेजात असताना काढलेला ब्लॉग मात्र बहुतेक वेळा जिवंत असतो.

फेसबुकवर ॲक्टिव्हिटी लॉग उघडून एकेक वर्ष चाळा. कॉलेजची वर्षं सगळ्यात गच्च भरलेली असतात. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, प्रगत शोधात आपलं वापरनाव आणि एका वर्षाच्या तारखा टाकून बघत जा. नुसतं खाली सरकत राहिलात तर 2014 पर्यंत पोचायला रात्र जाईल. शिव्या, जातींची नावं, 'बॉस', 'मॅनेजर', आधीच्या कंपन्यांची नावं हे शब्द वेगळे शोधा. मराठी शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये असे दोन्ही प्रकारे शोधायचे, कारण त्या काळी आपण सगळे रोमनमध्येच भांडत होतो.

रविवार: झाकायचं, मग काढायचं

आधी प्रत्येक खात्याची प्रत उतरवून घ्या. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, लिंक्डइन सगळीकडे स्वतःचा डेटा मागवण्याची सोय आहे. फाइल तयार व्हायला काही वेळा दिवसभरही लागतो, म्हणून विनंती शनिवारी रात्रीच टाकून ठेवा. प्रत हातात आल्याशिवाय काहीही कायमचं पुसायचं नाही. आणि आधीच्या कंपनीशी पगाराचा किंवा छळाचा वाद चालू असेल तर त्याबद्दलच्या पोस्टला हात लावण्याआधी वकिलाला विचारा, ती पोस्ट पुरावा असू शकते.

फेसबुकवर 'लिमिट पास्ट पोस्ट्स' हा एक झटका आहे. आजवरच्या सार्वजनिक पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या होतात. हा निर्णय एकगठ्ठा मागे घेता येत नाही, पुन्हा सार्वजनिक करायचं तर एकेक पोस्ट उघडावी लागते. शिवाय त्याने तीन गोष्टी झाकल्या जात नाहीत. सध्याचा प्रोफाइल फोटो आणि कव्हर फोटो सार्वजनिकच राहतात. दुसऱ्याच्या सार्वजनिक पोस्टवरच्या तुमच्या कमेंट त्या पोस्टच्या सेटिंगप्रमाणे दिसतात. आणि सार्वजनिक ग्रुपमध्ये लिहिलेलं सगळ्यांना दिसतं. राजकीय पानांवरची वादावादी याच दुसऱ्या प्रकारात येते, त्यामुळे 'माझं प्रोफाइल तर लॉक आहे' या भरवशावर राहू नका. ॲक्टिव्हिटी लॉगमधून त्या कमेंट एकेक करून काढाव्या लागतात. जुन्या पोस्ट निवडून ट्रॅशमध्ये टाकल्या की 30 दिवसांनी कायमच्या जातात. तोवर मन बदललं तर परत आणता येतात. टॅगच्या सेटिंगमध्ये आधी तुमची मंजुरी लागेल असं करून ठेवा, आणि शेवटी 'व्ह्यू ॲज'ने बाहेरच्याच्या नजरेने प्रोफाइल बघा.

इन्स्टाग्राम खाजगी करणं सोपं आहे, फक्त खातं व्यावसायिक प्रकारचं असेल तर आधी ते वैयक्तिक करावं लागतं. पोस्ट पुसण्याऐवजी आर्काइव्ह केली की लोकांना दिसत नाही आणि तुमच्याकडे राहते. 'युअर ॲक्टिव्हिटी'मधून कमेंट एका वेळी बऱ्याच काढता येतात. बायो, नाव आणि प्रोफाइल फोटो खाजगी खात्यातही सगळ्यांना दिसतात. त्यामुळे बायोमधला 'राडा स्पेशालिस्ट' हटवा.

व्हॉट्सॲपवर दोन मार्ग आहेत. डीपी आणि 'अबाउट' फक्त कॉन्टॅक्टसाठी ठेवा, किंवा नोकरी शोधेपर्यंत साधा चेहऱ्याचा फोटो लावा. दुसरा मार्ग बरा, कारण रिकाम्या करड्या वर्तुळापेक्षा माणूस दिसलेला चांगला. स्टेटसचं मात्र भान ठेवा: मुलाखत ठरवण्यासाठी तुम्ही ज्यांचे नंबर सेव्ह करता आणि ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह होतो, त्यांना तुमचं स्टेटस दिसू लागतं. 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट'मध्ये सध्याचा साहेब आणि नवे एचआर, दोघांनाही टाका.

मग नक्की काढायचं काय? मतं असण्यात गैर नाही. निवडणुकीबद्दल सभ्य भाषेत लिहिलेल्या पोस्टवरून ऑफर रोखणाऱ्या कंपनीत जाऊन तसंही काय मिळणार! काढायचं ते असं: शिवीगाळ, जातीवरून आणि धर्मावरून केलेली शेरेबाजी (ही कायद्याच्याही अंगाशी येते), बायकांवरचे फॉरवर्डी विनोद, कंपनी किंवा ग्राहकाचं नाव घेऊन काढलेली गरळ, आणि ज्या दिवशी आजारपणाची रजा टाकली होती त्याच दिवशीचं लोणावळ्याचं चेक-इन.

याहून घातक आणि कमी ओळखला जाणारा प्रकार म्हणजे गोपनीय माहिती. शॉपफ्लोअरवरच्या सेल्फीत मागे दिसणारं ड्रॉइंग, बोर्डावरचे उत्पादनाचे आकडे, ग्राहकाच्या नव्या गाडीचा पार्ट, लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा डॅशबोर्ड, आयकार्डावरचा बारकोड. तुमच्या लक्षातही नसतं, पण मुलाखत घेणारा त्याच धंद्यातला असतो आणि त्याला ते लगेच दिसतं. उद्या हा आपलंही असंच बाहेर टाकेल, हा विचार त्याच्या मनात आला की संपलं. कारखान्यातले सगळे फोटो मोठे करून पार्श्वभूमी तपासा. प्रोग्रामर असाल तर गिटहबवर कुठल्या रिपॉझिटरीत पासवर्ड किंवा एपीआय-की राहून गेली आहे का ते बघा. ओळ खोडून नवं कमिट टाकलं तरी जुन्या इतिहासात ती राहतेच, त्यामुळे ती की रद्दच करायची.

पान काढूनही गूगलच्या निकालात जुना मजकूर दिसत असेल तर गूगलच्या 'रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट' साधनात त्या पानाची लिंक टाका. दुसऱ्याच्या साइटवरचं असेल तर आधी त्या साइटच्या चालकाला सभ्य ईमेल पाठवा. फोन नंबर किंवा घरचा पत्ता उघडा पडला असेल तर तो निकालांतून काढण्याची विनंती थेट गूगलकडेही करता येते.

सगळी खातीच बंद करून टाकू, असा मोह या टप्प्यावर होतो. गरज नाही. फेसबुक खातं कायमचं बंद करायला दिलं तरी 30 दिवस ते थांबतं, आणि त्यानंतर सगळा डेटा जायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. तोवर तुमच्या मुलाखती होऊनही जातील.

दुसरा शनिवार: तारखा जुळवायच्या

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच राहून जातं. ऑफर निघाल्यावर, कधी रुजू झाल्यावरही, पार्श्वभूमी पडताळणी होते. तिला सगळे बीजीव्ही म्हणतात. पडताळणारी एजन्सी रिलीव्हिंग लेटर, पगारपत्रक आणि बऱ्याचदा भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यातला सेवा-इतिहास बघते. त्यात प्रत्येक मालकाकडे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. काही कंपन्या आयकराचा फॉर्म 26एएसही मागतात, कारण कोणी कोणी तुमचा टीडीएस कापला ते तिथे दिसतं. लिंक्डइन आणि नौकरी डॉट कॉमवर तुम्ही काय लिहिलं आहे ते या कागदांच्या शेजारी ठेवून वाचलं जाणार, असं धरूनच चला.

कागदावर एक तक्ता करा. उभ्या ओळीत आजवरच्या नोकऱ्या. आडवे रकाने पाच: नेमणूकपत्र व रिलीव्हिंग लेटर, यूएएन, सीव्ही, नौकरी डॉट कॉम, लिंक्डइन. प्रत्येक चौकटीत पद, रुजू झाल्याचा महिना-वर्ष, सोडल्याचा महिना-वर्ष लिहा. पहिला रकाना प्रमाण मानायचा आणि बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करायचे.

समजा, चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कारखान्यातली क्वालिटी इंजिनिअर आहे. तक्ता भरताना काय काय निघेल? रिलीव्हिंग लेटरवर 12 मार्च 2022, सीव्हीत एप्रिल 2022, लिंक्डइनवर जून 2022, कारण मधले दोन महिने रिकामे होते आणि ते 'गॅप' दिसू नये म्हणून ओढून ताणून जोडले. पत्रावर पद 'ज्युनिअर इंजिनिअर - क्यूए', लिंक्डइनवर 'क्वालिटी लीड'. पहिलं दीड वर्ष कंत्राटदाराच्या पगारावर, म्हणजे यूएएनमध्ये मालक म्हणून कंत्राटदाराचं नाव, आणि प्रोफाइलवर थेट मोठ्या कंपनीचं. नौकरी डॉट कॉमवर नोटिस पिरियड 30 दिवस, नेमणूकपत्रात 90. यातली कुठलीही गोष्ट एकेकटी गुन्हा नाही. पण पाच ठिकाणी पाच आकडे दिसले की पडताळणीच्या अहवालात 'तफावत' असा शेरा पडतो, आणि मग ऑफर देणाऱ्या एचआरला वरच्यांना उत्तर द्यावं लागतं.

दुरुस्ती अशी. दोन महिन्यांचा गॅप तसाच दाखवा. त्याचं उत्तर मुलाखतीत एका वाक्यात देता येतं, खोट्या तारखेचं देता येत नाही. पदनाव पत्रावर आहे तेच ठेवा आणि 'तीन इन्स्पेक्टरांच्या शिफ्टचं काम बघितलं' हे वर्णनात लिहा. कंत्राटदाराकडून काम केलं असेल तर कंत्राटदाराचं नाव मालक म्हणून द्या आणि कामाचं ठिकाण वर्णनात सांगा. यूएएनमध्येच सोडल्याची तारीख नोंदलेली नसेल किंवा चुकली असेल तर ती आत्ताच भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवरून किंवा जुन्या एचआरकडून नीट करून घ्या; ऑफर आल्यावर धावाधाव करून ते वेळेत होईलच असं नाही.

संध्याकाळी किंवा सुट्टीत दुसरं काम करत असाल, म्हणजे फ्रीलान्सिंग, यूट्यूब चॅनल, मेहुण्याच्या दुकानाचे हिशेब, तर नेमणूकपत्रातलं दुहेरी नोकरीचं कलम वाचूनच ते प्रोफाइलवर टाका. सप्टेंबर 2022 मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांसाठी एकाच वेळी काम करणाऱ्या 300 जणांना काढल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून आयटीवाले याकडे डोळे वटारून बघतात.

नाव बदललेल्या स्त्रियांनी आणखी एक काम करावं. पदवीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आणि प्रोफाइल सासरच्या नावाने असेल तर लिंक्डइनवर पूर्वीचं नाव टाकायला वेगळी जागा आहे, ती भरा. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत स्कॅन करून तयार ठेवा.

रविवार: लिंक्डइन आणि नौकरी डॉट कॉम

सगळ्यात आधी आवाज बंद करा. लिंक्डइनच्या सेटिंग्जमध्ये 'व्हिजिबिलिटी'खाली नोकरीतले बदल नेटवर्कला कळवण्याचा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर तुम्ही रविवारी दुपारी पद दुरुस्त करता आणि सोमवारी सकाळी साहेब अभिनंदन करायला येतो. तिथेच तुमच्या कनेक्शनची यादी इतरांना दिसू नये असं करा. एका आठवड्यात आठ रिक्रूटर जोडलेले दिसले की समजणारा समजतो. सामाईक ओळखी तरीही दिसतातच. दुसऱ्यांच्या प्रोफाइल गुपचूप बघायच्या तर प्रायव्हेट मोड आहे. मोफत खात्यात तो लावला की तुमची प्रोफाइल कोणी पाहिली तेही तुम्हाला कळत नाही, एवढी किंमत द्यावी लागते.

'ओपन टू वर्क'मध्ये दोन पर्याय असतात. सगळ्यांना दाखवलं तर फोटोभोवती हिरवी कड येते. फक्त रिक्रूटरना दाखवलं तर येत नाही. नोकरीत असाल तर दुसराच घ्या. लिंक्डइन तुमच्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसू नये याचा प्रयत्न करतं, पण पूर्ण हमी देत नाही, आणि तुमच्याच कंपनीसाठी माणसं शोधणारा बाहेरचा कन्सल्टंट तर बघूच शकतो. नोकरी गेलेली असेल किंवा फ्रेशर असाल तर हिरव्या कडेची लाज बाळगायचं कारण नाही. तेव्हा गरज दिसण्याचीच असते.

हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात आणि लोक त्यात 'इंजिनिअर ॲट अमुक लिमिटेड' लिहून मोकळे होतात. रिक्रूटर शोधतो ते हत्यारांच्या आणि कामाच्या नावाने. आपल्या क्वालिटी इंजिनिअरची हेडलाइन अशी व्हायला हवी: 'क्वालिटी इंजिनिअर | मशिनिंग, ऑटो कंपोनंट | पीपॅप, एसपीसी, सीएमएम, 8डी | आयएटीएफ 16949 इंटर्नल ऑडिटर | चाकण, पुणे'. (पीपॅप, एसपीसी, 8डी या क्वालिटीच्या कामातल्या पद्धती, सीएमएम हे मोजमापाचं यंत्र, आयएटीएफ 16949 हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक.) अर्थात इंग्रजीत, कारण शोध इंग्रजीत होतो. 'पॅशनेट', 'डायनॅमिक', 'गो-गेटर' असलं काही टाकून अक्षरं वाया घालवू नका. हे शब्द कोणी शोधत नाही.

'अबाउट'मध्ये 2600 अक्षरं मावतात. तेवढी भरायची गरज नाही. पहिल्या दोन-तीन ओळीच उघड्या दिसतात, त्यांतच वर्षं, क्षेत्र आणि केलेलं एक ठोस काम आलं पाहिजे. आकडा द्यायचा तो असा द्या की ग्राहकाचं नाव आणि त्याचे आतले आकडे फुटणार नाहीत: 'एका मशिनिंग लाइनवरचं रिजेक्शन वर्षभरात निम्म्यावर' हे चालतं. फोटो खांद्यापर्यंतचा, फिकट पार्श्वभूमीचा, अलीकडचा. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला नको, शेजारच्याचा हात तुमच्या खांद्यावर राहतोच.

प्रोफाइलच्या लिंकमधले मागचे आकडे काढून ती नावाची करा आणि तीच सीव्हीवर टाका.

नौकरी डॉट कॉमवर रिक्रूटर अलीकडे सक्रिय असलेल्या उमेदवारांची गाळणी लावून शोधतात. म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून काहीतरी खरं अद्ययावत करा, एखादं कौशल्य, उरलेला नोटिस पिरियड. रोज एक टिंब बदलून सीव्ही पुन्हा चढवण्याचे उद्योग नकोत. 'ब्लॉक कंपनी'मध्ये सध्याच्या कंपनीबरोबर त्याच ग्रुपमधल्या बाकी कंपन्यांची नावंही टाका. सीव्हीच्या फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल फायनल 3' नको. नाव, पद, वर्षं, एवढं पुरे.

आता संदेश. ओळख नसलेल्या रिक्रूटरला कनेक्शनची विनंती पाठवताना टीप 200 अक्षरांच्या आत बसवा: 'नमस्कार, चाकणमधल्या क्वालिटी इंजिनिअरच्या ओपनिंगची तुमची पोस्ट पाहिली. मशिनिंगमध्ये 6 वर्षं, पीपॅप-सीएमएम रोजचं काम, नोटिस 90 दिवस. सीव्ही कुठे पाठवू?' यात त्याला हवं ते सगळं आलं. 'प्लीज हेल्प मी सर, एनी जॉब' या संदेशाला उत्तर न येण्याचं कारण उद्धटपणा नसतो. समोरच्याला तुम्हाला कुठे बसवायचं तेच कळत नाही.

भरतीच्या पोस्टखाली 'इंटरेस्टेड' लिहिणं हा तर राष्ट्रीय छंद झाला आहे. त्याने दोन गोष्टी होतात. तुमची कमेंट तुमच्या ओळखीच्यांच्या फीडमध्ये जाते, त्यात साहेब आला. आणि ईमेल-नंबर लिहिला असेल तर तो ठगांच्या यादीत जातो. पोस्टमध्ये दिलेल्या पत्त्यावर थेट सीव्ही पाठवा, विषयात पद आणि ठिकाण लिहा.

त्यानंतर आठवड्याला अर्धा तास पुरतो. स्वतःच्या कामातली एक छोटी गोष्ट पंधरवड्याला लिहिली तरी चालेल. रोजचे प्रेरणादायी सुविचार नकोत. नोकरीत असताना ऑफिसच्या लॅपटॉपवरून आणि ऑफिसच्या वायफायवरून यातलं काहीही करू नका.

सरकारी नोकरीकडे जाणाऱ्यांसाठी थोडंसं

इथे रिक्रूटर प्रोफाइल चाळत नाही, पण निवडीनंतर पोलिसांमार्फत चारित्र्य पडताळणी होते. पोस्टवरून गुन्हा नोंदला गेला असेल तर साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पडताळणीसाठी भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, तो लपवू नका. माहिती दडवल्याचं कारण नेमणूक रद्द व्हायला पुरतं. रुजू झाल्यावर नियम आणखी घट्ट होतात. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै 2025 मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावर सूचना काढल्या आहेत. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करायची नाही, गोपनीय कागद टाकायचे नाहीत. जुनी खाती त्या नजरेने एकदा चाळून ठेवलेली बरी.

ठगांची नजरही तुमच्यावर असते

'ओपन टू वर्क' लावलं की दोन-तीन दिवसांत परक्या नंबरांवरून संदेश सुरू होतात. हॉटेलांना रिव्ह्यू द्या, व्हिडिओ लाइक करा, टेलिग्राम ग्रुपमध्ये या, पहिले दोनशे रुपये खरंच मिळतात आणि मग 'टास्क अनलॉक' करायला पैसे भरायला लावतात. दुसरा प्रकार नावाजलेल्या कंपनीचं ऑफर लेटर पाठवून लॅपटॉपची अनामत, ट्रेनिंग किंवा कागद पडताळणीची फी मागण्याचा. एमआयडीसीतल्या नोकऱ्यांच्या व्हॉट्सॲप आणि फेसबुक ग्रुपमध्ये हीच फी 'नाव नोंदणी' म्हणून येते. नोकरी देणारा पैसे मागत असेल तर पुढे बोलूच नका. संशय आला तर कंपनीच्या अधिकृत साइटवरचा नंबर शोधून तिथे विचारा, पत्रावरच्या नंबरला नाही.

सीव्हीवर जन्मतारीख, आधार, पॅन, पूर्ण पत्ता, वडिलांचा व्यवसाय यातलं काहीच लागत नाही. शहर आणि पिनकोड पुरतात. ऑफरनंतर आधार मागितलं तर यूआयडीएआयच्या साइटवरून शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालेल का ते विचारा. नोकरीच्या शोधासाठी वेगळा ईमेल पत्ता काढा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच गोठवता येण्याची शक्यता जास्त.

ऑफर हातात आल्यावर

ऑफर लेटरचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. त्यावर सीटीसी, म्हणजे वर्षाचं पगाराचं पॅकेज असतं, एचआरचं नाव असतं, आणि बीजीव्ही अजून व्हायची असते. पेपर टाकल्यावर, म्हणजे राजीनामा दिल्यावर, जुन्या ऑफिसात आधी साहेबाला सांगा, मग टीमला, लिंक्डइनला सगळ्यात शेवटी. रुजू होईपर्यंत प्रोफाइलवर नव्या कंपनीचं नाव चढवू नका. रुजू व्हायच्या तारखा पुढे जातात, कधी ऑफर मागेही घेतली जाते.

रुजू झाल्याच्या दिवशी 'ओपन टू वर्क' काढा, नौकरी डॉट कॉमवरची दृश्यता बंद करा, वर्षभर पडून असलेले नोकरीचे अलर्ट रद्द करा. 'स्टार्टिंग अ न्यू पोझिशन'ची पोस्ट टाकायची तर आयकार्ड खिशात ठेवून फोटो काढा. आणि ती पोस्ट टाकल्यावरचे पंधरा दिवस जरा सावध राहा. नवीन लागलेल्या माणसांना 'मी तुमच्या कंपनीचा सीईओ, मीटिंगमध्ये आहे, ताबडतोब गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठवा' असा व्हॉट्सॲप येतो, डीपीला खऱ्या सीईओचा फोटो लावून. उत्तर देऊ नका. उठून रिपोर्टिंग मॅनेजरच्या जागेवर जा आणि स्क्रीन दाखवा.